काय खाल्लं नाही, ते सांगा

“याने काय काय खाल्लंय ते राहू दे. काय खाल्लं नाही, ते सांगा,” डॉक्टर म्हणाले.

दगडू टेबलावर चार पाय टेकून होता. त्याला उभा म्हणणं धाडसाचं झालं असतं. शेपूट पोटाखाली, मान भिंतीकडे. पुढचे पंजे चाटून चाटून मेंदी काढल्यासारखे विटकरी झालेले. कुत्र्याच्या लाळेत एक रंगद्रव्य असतं, ते पांढऱ्या केसांवर असं चढतं, हे मला त्या दिवशी कळलं. माणसाला अ‍ॅलर्जी झाली की तो शिंकतो. कुत्र्याची अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा कातडीवाटे बाहेर पडते: पंजे, कान, काखा, पोट.

डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता. कुत्र्याला अन्नाचीच अ‍ॅलर्जी आहे, असं छातीठोक सांगणारी रक्ततपासणी नाही. आठ आठवडे त्याला असं काही खायला घालायचं, जे त्याच्या शरीराने आजवर पाहिलेलंच नाही. खाज उतरली की एकेक जुना पदार्थ परत द्यायचा. ज्या पदार्थाने खाज परतली, तो चोर. गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे त्यातले नेहमीचे संशयित. परदेशात अशा कुत्र्याला हरणाचं किंवा सशाचं मांस देऊन बघतात. जातिवंत कुत्र्याचा मालक मान ताठ ठेवून सांगू शकतो, “आमच्या ब्रूनोने जन्मात मासा खाल्ला नाही.” पण शिरोली पुलाजवळ हायवेच्या कडेला सापडलेल्या कुत्र्याने कोल्हापुरात काय खायचं सोडलं असेल?

मी मनातल्या मनात यादी करू लागलो. मटणाच्या दुकानामागची हाडं, हे सांगायलाच नको. मिसळीच्या गाड्याखाली पडलेला, कट लागलेला पाव. म्हाईच्या जेवणावळीनंतर पत्रावळीत उरलेला तांबडा आणि पांढरा रस्सा, दोन्ही. मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराची जिलबी. गंगावेशीत रात्री म्हशी पिळताना कट्ट्यावर सांडलेलं धारोष्ण दूध. पितृपंधरवड्यात कावळ्यासाठी ठेवलेला आणि कावळ्याला न मिळालेला घास. साबुदाण्याची खिचडी तेवढी राहिली असेल, असं वाटलं. पण एकादशी वर्षातून चोवीस वेळा येते.

“मग पोत्यातलं घ्या,” डॉक्टर म्हणाले. त्या खाण्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की शरीराला ते ओळखूच येत नाहीत. पोत्याचा भाव ऐकल्यावर वाटलं, आपलं एखादं गुऱ्हाळ असायला हवं होतं.

अर्थात खाणं हा शेवटचा मुद्दा होता. आधी कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचे किडे पाहिले. मग गोचीड आणि पिसवा. पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असली, तर एका चाव्यावरसुद्धा कुत्रा दिवसचे दिवस अंग ओरबाडतो. म्हणून महिन्याचं औषध चुकवायचं नाही. मग कानातलं आणि बोटांच्या बेचक्यांतलं यीस्ट, जे आपल्याकडच्या पावसाळ्यात मनमुराद वाढतं. त्यासाठी औषधी शाम्पू, आणि तो अंगावर दहा मिनिटं ठेवायचा. ज्या कुत्र्याला हातही लावून घ्यायचा नाही, त्याच्या अंगावर दहा मिनिटं फेस टिकवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

गल्लीला मात्र हे सगळे चोचले वाटले. “कुत्र्याला कसली आलीय अ‍ॅलर्जी?” उद्यमनगरात काम करणारा एक मित्र स्वतः होऊन डबाभर जळकं ऑइल घेऊन आला. “चोपड की भावा, चार दिवसांत कातडी चकाचक.” हा उपाय गावोगाव चालतो, आणि कुत्र्याला तो बाधतो. कुत्रं अंग चाटतं, ऑइल पोटात जातं. मी डबा ठेवून घेतला आणि फाटकाच्या बिजागरीला वापरला. बिजागरी झकास चालते.

खरी अडचण पथ्याची. आठ आठवडे त्या पोत्यातल्या दाण्यांखेरीज तोंडात काही जाता कामा नये. बिस्किटाचा तुकडा गेला तरी हिशेब पहिल्यापासून. कोल्हापुरात हे कसं जमणार? इथे ‘जेवलास काय?’ विचारल्याशिवाय माणसाशी बोलणं सुरू होत नाही. शेजारच्या काकूंना मी हात जोडून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते गोळ्यागत खाणं बघून माझाच जीव तुटतोय बघ. मी आपला चतकोर भाकरी टाकतो. दत्ताचं कुत्रं हाय ते.” नृसिंहवाडीची पौर्णिमा न चुकवणाऱ्या बाईला दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री दिसतात. तिला यीस्ट कसं दाखवणार?

या जिल्ह्याला जनावर लावून घ्यायची खोड आहे. 2025 मध्ये नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली, तेव्हा गावंच्या गावं रस्त्यावर आली. ते रडणं खरं होतं. तिच्या पायांच्या दुखण्याचा मुद्दा न्यायालयापुढे होता, तोही होताच. आपल्याला जनावराविषयी काय वाटतं आणि जनावराच्या अंगाला काय मानवतं, यांचे हिशेब वेगळ्या वह्यांत मांडावे, असं मला वाटतं. कोल्हापुरात हे मी हळू आवाजात म्हणतो.

दगडूला काकूंची भाकरी नको होती, ही त्यातल्या त्यात सोय. कुणाच्या देखत तो खातच नसे. शिलाई मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, तोंड भिंतीकडे करून तो बसून राही. म्हणून तर पोरांनी नाव दगडू ठेवलं. हाक मारली की जांभई द्यायचा, ओठांवरून जीभ फिरवायचा, मान आणखी वळवायचा. आम्हाला वाटायचं, झोप आलीय. तुरिद रुगास या नॉर्वेतल्या श्वानप्रशिक्षक बाईंनी अशा खाणाखुणांवर आयुष्य घालवलंय. त्यांच्या हिशेबात या जांभईचा अर्थ, ‘मला तुमच्याशी भांडायचं नाही, जरा लांब राहा.’ त्यात कातडीची भर. ज्याचं अंग रात्रंदिवस खाजतंय, त्याला कुणी प्रेमाने पाठीवरून हात फिरवलेला कसा आवडेल? भीती कुठे संपते आणि खाज कुठे सुरू होते, ते बाहेरून दिसत नाही.

बुजऱ्या जनावराला माणसांत कसं बसवायचं, हा प्रश्न इथे जुना आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते होते.

लहानपणी नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं बघत हिंडलेल्या कुणालाही इथल्या शिकारीच्या नादाची कल्पना येते. शाहू महाराजांच्या वेळी साठमारीत हत्ती झुंजत. काळविटाच्या शिकारीला चित्ते असत. हिंदुस्थानातला चित्ता विरळ होत गेला, तेव्हा संस्थानिकांनी तो आफ्रिकेतून मागवला, आणि मागवणाऱ्यांत कोल्हापूर आणि भावनगर पुढे होते. 1939 च्या सुमाराची एक चित्रफीतही आहे. मला शिकारीत रस नाही. मी मटण चवीने खातो, पण पळत्या काळविटाच्या मागे जनावर सोडून टाळ्या वाजवण्यातली गंमत मला कधी कळली नाही. मला कुतूहल आहे ते शिकारीच्या आधीच्या महिन्यांचं. कारण चित्त्याचं पिल्लू पाळून उपयोग नसे. शिकार ते आईकडून शिकतं. म्हणून रानात वाढलेला, मोठा चित्ता पकडत. ज्याने माणूस जवळून पाहिलेला नाही, अशा जनावराला माणसांत बसवायचं. ते कसं?

जॉन लॉकवुड किपलिंग यांनी ते लिहून ठेवलंय. ‘जंगल बुक’वाल्या रडयार्डचे हे वडील, मुंबईत जे. जे. कला शाळेत शिकवत, पुढे लाहोरला गेले. हिंदुस्थानातली माणसं आणि जनावरं यांवर त्यांचं पुस्तक 1891 मध्ये निघालं. त्यात चित्त्याच्या शाळेची हकिगत आहे. नवा चित्ता डोळ्यांवर टोपी चढवून खाटेला बांधून ठेवायचा आणि बायकापोरांना त्याच्याजवळ बसवायचं. त्यांनी काय करायचं? दिवसभर आपापसात बोलायचं. चित्त्याशी काही नाही. माणसाचा आवाज त्याच्या कानांवरून वाहत राहिला पाहिजे, एवढीच अट.

मी ते वाचून बराच वेळ खुश होतो. गप्पा मारणं हे काम म्हणून नेमून दिलेल्या त्या बायका काय बोलत असतील? जावेच्या तक्रारी, धान्याचे भाव, कुणाच्या पोराचं कुठे जमलं. शेजारी खाटेवर जगातलं सगळ्यात वेगवान जनावर. त्या शाळेत फार प्रेमळ काही नव्हतं, हेही सांगायला हवं. बांधलेलं, उपाशी, झोपू न दिलेलं जनावर शेवटी नमतंच. पण कुणी त्याच्याकडे बघत नाही, त्याच्याकडून काही मागत नाही, आणि तरी माणसं आसपास आहेत, ही युक्ती ज्या कुण्या अडाणी चित्तेवानाला पहिल्यांदा सुचली, तो मोठा माणूस होता.

चित्ता नमला तरी पुरता आपला होत नसे. अकबराने हजार चित्ते बाळगले होते, असं जहांगीर लिहितो. त्यांची वीण व्हावी म्हणून अकबराने बागेत जोड्या सोडून पाहिल्या. काही झालं नाही. पुढे जहांगीरच्या राज्यात एकदा एक नर गळपट्टा सोडवून आपणहून मादीकडे गेला आणि तीन पिल्लं झाली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याची पिल्लं झाल्याची नोंद थेट 1956 ची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधली तीनशेहून जास्त वर्षं या जनावराने कुणाचं ऐकलं नाही. आता सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात चित्त्याच्या पिल्लाला सोबत म्हणून कुत्रा देतात. चित्ता मुळात बुजरा. काही अनोळखी दिसलं की तो कुत्र्याकडे बघतो. कुत्रा निवांत असला की तोही सैलावतो.

चित्त्याला धीर द्यायला कुत्रा. आमच्या कुत्र्याला धीर द्यायला गल्लीत चित्ता कुठून आणणार? म्हणून आत्याला बसवलं.

आत्याला कुत्री आवडत नाहीत. हीच तिची लायकी. ती दगडूकडे ढुंकूनही बघत नाही. दुपारी ती शिलाई मशीनपाशी पाटावर बसते, लसूण सोलते आणि गडहिंग्लजच्या बहिणीला फोन लावून स्पीकरवर ठेवते. “व्हय गं, आणि त्या सुनेनं काय केलं म्हाईत्याय का?” मी आतल्या खोलीतून बघत असतो. पंजा चाटत बसलेला दगडू सुनेच्या प्रकरणापाशी थांबतो. जीभ अर्धी बाहेर, विटकरी पंजा हवेत तसाच. डावा कान मागे वळतो, उजवा भिंतीकडेच. लसणाची पाकळी ताटलीत टण्णकन पडते, तेव्हा तो दचकत नाही. मग चाटणं पुन्हा सुरू, पण जरा सावकाश. शाम्पूने आणि औषधाने खाज निम्मी तरी उतरलीय. उरलेल्याचं श्रेय आत्याला द्यायचं की पोत्याला, यावर आमच्या घरात एकमत नाही.

पावसाची मात्र धास्ती वाटते. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा पूर आला आणि इव्हान पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचली. काहींचं प्रयोगांत शिकलेलं सगळं पुसून गेलं. पुढे ते परत आल्यावरही, दाराखालून पाण्याचा साधा ओघळ खोलीत सोडला तर कुत्रं पुन्हा बिथरे. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये पुन्हा तेच. चिखली-आंबेवाडीतली माणसं आजही जुलैत रात्री उठून पाणी बघतात. दावणीची जनावरं आणि दारातली कुत्री काय बघत असतील, त्याची कुठे नोंद होत नाही. शिरोलीच्या पुलाजवळ सापडलेल्या कुत्र्याने कुठला पाऊस पाहिलाय, हे विचारायची सोय नाही. मोरीतून पाणी उलटं आलं की आम्ही आधी दगडूची फट कोरडी करतो.

तेव्हा कुणाच्या घरी असं नवं कुत्रं आलेलं दिसलं, तर एवढं करा. त्याला हाक मारू नका, शिट्टी वाजवू नका, त्याच्यापुढे उकिडवे बसून डोळ्यांत डोळे घालू नका. घरच्या माणसांशी बोला. विषयांना कोल्हापुरात तोटा नाही: उसाचा दर आहे, पंचगंगेची पातळी आहे, सर्किट बेंच आहे, फुटबॉलमधले पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ तर आहेतच. तासभर बसा, चहा घ्या, आणि चहाबरोबरचं बिस्कीट स्वतःच खा.