दाबाखालचा ऑक्सिजन

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात नातेवाईक जितके जास्त, तितके सल्ले जास्त. माझ्या खालाचा मुलगा आयसीयूत होता. जुम्म्याच्या गुस्लसाठी गॅस गिझरच्या बंद न्हाणीघरात गेला आणि आतच बेशुद्ध पडला. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: पारदर्शक नळी, आत पेशंट. "शहरात हे मशीन आहे. आत्ता हलवा. पैशांचं बघू."

त्याला हायपरबॅरिक चेंबर म्हणतात. आत हवेच्या 2 ते 3 पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. एरवी ऑक्सिजन तांबड्या पेशींवर बसून फिरतो. एवढ्या दाबाखाली तो रक्तद्रवातच पुरेसा विरघळतो. 1960च्या सुमारास ॲम्स्टरडॅमचे सर्जन बोरेमा यांनी तांबड्या पेशी जवळपास सगळ्या काढून टाकलेली डुकरं अशी जिवंत ठेवली होती.

गिझरचा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पट घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्मं व्हायला 4-5 तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण सव्वा तास, चेंबरमध्ये 20-25 मिनिटं.

मग न्यायचं की नाही? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रस्ता 4 तासांचा आहे." गणित मी खालाला वहीवर मांडून दाखवलं. सव्वा तासाला निम्मं, म्हणजे पोहोचेपर्यंत आठवा हिस्सासुद्धा उरणार नाही. शिवाय बंद चेंबरमध्ये दाब चढल्यावर पेशंट अत्यवस्थ झाला, तर दार झटक्यात उघडता येत नाही. व्हेंटिलेटर, पंप त्या दाबात चालणारे लागतात. छातीत हवा साचलेली असेल तर जीवावर बेततं. आगीचा धोका वेगळाच.

खाला वही बघत राहिली. मग म्हणाली, "इथंच राहू दे. दुआ मी करते."

तिसऱ्या दिवशी त्याने आईला ओळखलं. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभराने, महिन्यानेही विसरभोळेपणा, चिडचिड सुरू होऊ शकते, लक्ष ठेवा. ते चेंबरने टळतं का, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

चेंबर जवळ असतं तर निर्णय वेगळा झाला असता. पाणबुड्यांचा आजार, गॅस गँगरीन, मधुमेहाच्या काही जखमा यांत त्याचा उपयोग होतोच. पण स्वमग्नता, म्हातारपण यांवर तेच मशीन विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. आणि गिझर न्हाणीघराबाहेर बसवा. त्याला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही.