गुराबेची रुंदी

नेसरीत बसून जहाजे बांधतो असे सांगितले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग पाणी कुठे आहे ते विचारतो. प्रश्न रास्त आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावातून समुद्र पाहायचा तर आजरा आणि आंबोली मागे टाकून, घाट उतरून, सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याला जावे लागते. गावाची ख्याती आहे ती घोड्यांमुळे: २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथल्या खिंडीत. अशा गावात माळ्यावर बसून कोणी डोलकाठ्या तासत असेल, तर लोकांनी हसावे हे उचितच.

काम असे असते. एकास अठ्ठेचाळीस हे प्रमाण, म्हणजे प्रत्यक्षातल्या एका फुटाला पाव इंच धरून, आधी तळाचा कणा, मग बरगड्या, मग त्यांवर एकेक फळी बसवीत जायचे. आठ इंची फळी इथे चार मिलिमीटरची होते. ती गरम पाण्यात भिजवून, वाकवून, चिमट्यांत धरून रात्रभर ठेवावी लागते आणि सकाळी सहापैकी दोन तडकलेल्या निघतात. सुरुवातीला मी जुन्या घराच्या तुळईचे सागवान वापरले. खरी जहाजे सागवानाची, तेव्हा प्रतिकृतीही सागवानाची, असा सरळ हिशेब होता. तो फसला. जहाज अठ्ठेचाळीस पटींनी लहान होते, पण सागाची रंध्रे लहान होत नाहीत. त्या चिमुकल्या फळीवर ती बोटाएवढ्या रुंद चरांसारखी दिसू लागतात. त्यापेक्षा हेदूचे बारीक पोताचे, पिवळसर लाकूड पुष्कळ बरे. खऱ्यासारखे दिसावे म्हणून खरे लाकूड सोडावे लागले, याची तेव्हा मला केवळ गंमत वाटली होती.

पहिले मोठे काम 'ट्रिंकोमाली'चे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ही फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडातल्या हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. तिचा आराखडा इंग्लंडचा. तो घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी झालेल्या लढाईत नष्ट झाले आणि नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईतले काम खोळंबले. प्रतिकृती करणाऱ्याला अशा जहाजात काही ठरवावे लागत नाही. प्रत्येक बरगडीचा वाक कागदावर असतो. चुकलात तर हात चुकला, एवढेच.

त्या भरवशावर मी गुराब करायला घेतली, मराठ्यांची गुराब, आणि पहिल्याच आठवड्यात हात थांबला. कागद नव्हता. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. (पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांचे भागीदार होते, हे वाक्य आपण नेहमी जरा हळू आवाजात उच्चारतो.) आपले मिस्त्री कागदापेक्षा नजरेने आणि दोरीने जहाज उभे करीत, ती नजर त्यांच्याबरोबर गेली.

उरले ते शत्रूच्या इतिहासकाराने केलेले वर्णन. कंपनीच्या लढायांचा इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट ऑर्मने १७६३ साली आंग्र्यांच्या जहाजांविषयी जे लिहून ठेवले, तितके नेमके माझ्या पाहण्यात तरी दुसरे काही नाही. गुराबेला दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. दोन डोलकाठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीनची तीनशेची. लांबीच्या मानाने ती फार रुंद आणि उथळ पाण्यात चालणारी. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब नाळ, आणि त्या नाळेवरचा तख्तपोशीचा भाग दोन्ही बाजूंनी उघडा, कारण समोरच्या लाटेत गुराब जोराने डुबकते आणि वर आलेले पाणी अडथळ्याविना वाहून जायला हवे. नाळेच्या मागे आडवी भिंत, तिच्यात दोन तोफांची भोके, नऊ किंवा बारा पौंडी गोळा नाळेवरून पुढे फेकणारी. वाचताना जाणवते की हा माणूस नुसता पाहत नाही, त्याला ही जहाजे समजून घ्यायची आहेत. ज्यांना त्यांची भीती वाटली त्यांनी ती नीट न्याहाळली. आम्ही पोवाडे रचले.

पण ऑर्म लांबी सांगत नाही. टन सांगतो. तेव्हा मी जहाजाचे टन मोजण्याची जुनी इंग्रजी रीत उलटी चालवली. तीत लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करतात, उरलेल्यास रुंदीने आणि पुन्हा रुंदीच्या निम्म्याने गुणतात व ९४ ने भागतात. ऑर्मचे टन याच मापाचे आहेत हे गृहीत धरून (हे गृहीतही माझेच) दीडशे टनांना रुंदी २० फूट घेतली तर लांबी ८२ फूट येते. २२ घेतली तर ७१. २४ घेतली तर ६३. 'फार रुंद' म्हणजे यांतली कोणती? लेखात 'बहुधा' लिहून पुढे जाता येते. लाकडाला 'बहुधा' कळत नाही. करवत एकाच रेषेवर चालते. मी २२ निवडली, कारण मधली होती आणि डोळ्याला बरी वाटली.

आणखी एक गोष्ट मी केली, ती सांगायला लाज वाटते. नाळ फारच बोडकी दिसते म्हणून तिला दोन्ही बाजूंनी नाजूक कठडा लावला. ऑर्मचे ते वाक्य मी वाचलेले होते. तरीही लावला, आणि पाहणाऱ्यांनी सर्वांत जास्त कौतुक त्या कठड्याचेच केले.

एका शाळेने तिचे छायाचित्र मागितले, मापेही मागितली, मी दिली. पुढच्या वर्षी शिवजयंतीच्या प्रदर्शनात ते मोठे करून लावलेले पाहिले. खाली लिहिले होते: 'शिवकालीन गुराब, लांबी ७१ फूट'. ऑर्मचे वर्णन अठराव्या शतकातले, शिवकालाहून जवळपास शंभर वर्षांनी अलीकडचे. लांबी माझ्या डोळ्याच्या आवडीची. कठडा सरळसरळ खोटा. आणि एक मुलगा वहीत ते मन लावून उतरवून घेत होता.

गोव्यात अजिंठ्याच्या एका चित्रावरून काथ्याने शिवलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. त्यांच्याजवळही नकाशा नव्हता, अंदाज त्यांनीही केले. पण त्या आकाराची चाचणी मद्रासच्या आयआयटीत झाली, आणि मग खुद्द समुद्राने घेतली. रुंदी चुकली असती तर पाण्याने नाही म्हटले असते. माझ्या गुराबेला नाही म्हणणारे कोणी नाही. फडताळ सगळेच सोसते.

सध्या दुसरी गुराब चालू आहे. हिच्यात ज्याला लेखी आधार आहे तेवढा भाग शिसवीचा, काळा. जे मी ठरवले ते हेदूचे, पिवळे. डावी बाजू फळ्यांविना उघडीच ठेवणार आहे. काळे झाले ते नाळेवरची तख्तपोशी, मागची आडवी भिंत आणि दोन डोलकाठ्या. त्यांची उंचीसुद्धा माझीच, म्हणून वरचा अर्धा भाग पिवळा. वरामाचा आकार, सुकाणू, बरगड्यांचे वाक, सगळे पिवळे. शेजारचे सुतार परवा येऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काळं लाकूड संपलं काय, सर?"

शाळेला मी पत्र लिहिले: कठडा चुकीचा आहे, 'शिवकालीन' हा शब्द काढावा, लांबी खोडावी. त्यांचे अगदी सौजन्याचे उत्तर आले. बदल करतो म्हणाले, फक्त खरी लांबी कळवावी, कारण फलकावर आकड्याची जागा मोकळी राहिली तर बरे दिसत नाही. मी तिन्ही आकडे आणि त्यांमागचे गणित लिहून पाठवले आहे.