टप्पे मोजणं मी सोडलं

हायपरक्यूबवर माझं मन जडलं होतं. एका संगणकात शेकडो प्रोसेसर बसवले की कुणाला कुणाशी तारेनं जोडायचं, हा प्रश्न उभा राहतो, आणि हायपरक्यूबचं त्यावरचं उत्तर फार देखणं आहे. प्रत्येक प्रोसेसरला, म्हणजे नोडला, शून्य-एकात लिहिलेला क्रमांक द्यायचा. ज्यांच्या क्रमांकात एकाच अंकाचा फरक, ते शेजारी. नोड 256 असले तरी कोणत्याही दोघांत आठपेक्षा जास्त टप्पे नाहीत, सरासरी तर चारच. वाट शोधायला नकाशाही लागत नाही, वेगळे अंक एकेक करून बदलत जायचं. 1980च्या दशकात कॅलटेकमधला 64 नोडांचा कॉस्मिक क्यूब याच रचनेवर उभा राहिला. जाळ्याची गुणवत्ता त्यातल्या टप्प्यांवरून ठरते असं मी मानत होते आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगत होते.

संगणकशास्त्रज्ञ विल्यम डॅली यांचा अशा जाळ्यांवरचा 1990चा लेख वाचला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. त्यांची अट अशी: दोन जाळ्यांची तुलना करायची तर दोघांनाही तारा सारख्याच द्या. जाळं मधोमध कापलं तर जितक्या तारा तुटतील, तो आकडा दोन्हीकडे एकच हवा. मला हा हायपरक्यूबवर अन्याय वाटला. जास्त तारा लागणं हा त्याचा स्वभावच आहे, मग त्याची शिक्षा कशाला?

पण आकडेमोड स्वतः करून पाहिली आणि राग टिकला नाही. 256 नोड घ्या आणि मधल्या छेदातून 256 तारा जाऊ द्या. हायपरक्यूबमध्ये प्रत्येक दुव्याच्या वाट्याला एकच तार येते. तेच नोड 16 गुणिले 16च्या टोरसमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळीची आणि स्तंभाची टोकं जोडून कडं केलेल्या जाळीत, मांडले आणि प्रत्येक कडं एकाच दिशेनं वाहू दिलं, तर दुवे कमी, म्हणून प्रत्येक दुवा आठ तारांचा. आता 150 बिटांचा निरोप पाठवा आणि टप्प्यामागे घड्याळाचा एक ठोका धरा. हायपरक्यूबमध्ये सरासरी चार टप्पे, पण एकाच तारेवरून 150 बिट ओतायला 150 ठोके, एकूण 154. टोरसमध्ये सरासरी 15 टप्पे, आणि निरोप ओतायला जेमतेम 19 ठोके, एकूण 34. टप्पे जवळजवळ चौपट, वेळ मात्र पावपटीहून कमी! इथे बेरीज चालते याचं कारण वर्महोल पद्धत. निरोप प्रत्येक थांब्यावर पूर्ण साठवून पुढे धाडला जात नाही. मालगाडीचं इंजिन पुढच्या स्टेशनात शिरलेलं आणि शेवटचे डबे अजून मागच्या स्टेशनात, तशी त्याची चाल असते. म्हणून एखादा जादा टप्पा फार महाग पडत नाही, अरुंद दुवा मात्र प्रत्येक बिटामागे किंमत वसूल करतो.

त्यानंतर मी रचनांकडे पाहायची ती आधी तारा आणि पिना मोजत. पुण्यात सी-डॅकनं 1991मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला तो इनमॉस कंपनीच्या टी-800 ट्रान्सप्युटरवर, आणि त्या चिपला दुवे चारच होते. चार दुव्यांच्या चिपा थेट जोडून हायपरक्यूब करायचा म्हटलं तर 16 नोडांवर थांबावं लागतं. कागदावर रचना हवी तेवढी वाढते, चिपच्या कडेला पिना वाढत नाहीत.

पुढे 2005च्या सुमारास डॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच उलट सांगायला सुरुवात केली: राउटरला, म्हणजे निरोप पुढे वळवणाऱ्या चिपला, भरपूर, पण अरुंद दुवे द्या आणि टप्पे कमी करा. क्रे कंपनीच्या ब्लॅकविडो महासंगणकासाठी केलेल्या यार्क राउटरला 64 दुवे होते, आणि अशा राउटरांचं जाळं चार्ल्स क्लॉस यांनी 1953मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेल्या रचनेच्या कुळातलं. काही जण याला फॅशनचा झोका म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. टप्प्यांचा वेळ अधिक ओतायचा वेळ, हे समीकरण तेच होतं. राउटरच्या पिनांमधून वाहणारी माहिती साधारण दर पाच वर्षांनी दहापट होत गेली, निरोप ओतायचा वेळ नगण्य झाला आणि टप्प्यांचा वेळ पुन्हा वरचढ ठरला. म्हणजे हायपरक्यूब सोडून मी टोरसची झाले, असं नव्हे. कोणत्याही आकारावर निष्ठा ठेवणंच मी सोडून दिलं.

जाळ्यांच्या मूल्यमापनाबाबतही माझं मत असंच बदललं, आणि तिथे मी आज जास्त आग्रही आहे. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक नोड निरोपाचा पत्ता यदृच्छेनं निवडतो असं धरलं की भार सगळीकडे सारखा पसरतो आणि बहुतेक जाळी छान दिसतात. खरे प्रोग्रॅम असे वागत नाहीत. मॅट्रिक्स उलटवणारा प्रोग्रॅम ठरावीक जोड्यांमध्येच माहिती ओततो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे निरोपाचं घड्याळ कधी सुरू करायचं. तो जाळ्यात शिरल्यावर सुरू केलं, तर दाराशी तिष्ठत घालवलेला वेळ हिशेबातून गळतो आणि तुंबलेलं जाळंही चपळ भासतं. निरोप तयार झाला त्या क्षणापासून वेळ मोजलेला नसेल तर तो आलेख मी स्वीकारत नाही.

भार सारखा पसरलेला नसला की काय होतं, हे ड्रॅगनफ्लाय रचनेत प्रकर्षानं दिसतं. 2008मध्ये मांडलेल्या या रचनेच्या कुळातलंच जाळं ओक रिजच्या फ्रंटियर महासंगणकात आहे. नोडांचे गट करायचे आणि गटागटांना लांब केबलींनी जोडायचं; रचना कमाल आकाराची असेल तर दोन गटांमध्ये एकच दुवा उरतो. एका गटातल्या सगळ्यांना शेजारच्या एकाच गटाशी बोलायचं असलं की सगळा भार त्या एका दुव्यावर पडतो. त्यावरचा उपाय लेस्ली व्हॅलियंट यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलेला: निरोप आधी यदृच्छेनं निवडलेल्या तिसऱ्याच ठिकाणी पाठवा आणि तिथून मुक्कामाला. वाट लांबते, पण गर्दी विखुरते. मात्र भार मुळातच विखुरलेला असेल तर हा वळसा निव्वळ उधळपट्टी ठरतो, त्यामुळे सरळ जायचं की वळसा घ्यायचा हे राउटरला दर पॅकेटला ठरवावं लागतं. राउटरला दिसतात त्या फक्त आपल्या दाराशी लागलेल्या रांगा. तुंबलेली केबल गटातल्या दुसऱ्याच राउटरवर असेल, तर ती बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर बरीच पॅकेटं चुकीच्या वाटेला लागलेली असतात. सध्या मी आणि माझे विद्यार्थी याच उशिरावर काम करतो आहोत.