भिंतीच्या अलीकडे

हर्सूल येथे राहणाऱ्यास मध्यवर्ती कारागृहाची भिंत ही नित्य परिचयाची गोष्ट आहे. तिच्या आत आहेत ते अपराधी आणि बाहेर आहोत ते आपण सज्जन, ही वाटणी आम्हीही आजवर कधी तपासून पाहिली नव्हती. ती तपासण्याची वेळ एका कोरियन चित्रपटाने आमच्यावर आणली.

बाँग जून-हो यांच्या २००३ सालच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ या चित्रपटास दक्षिण कोरियातील ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या स्त्रियांच्या हत्यांचा आधार आहे. रक्तपाताबद्दल कोरियन रहस्यपटांची अपकीर्ती फार. परंतु येथे खुनी जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो त्याला शोधणाऱ्यांचा ध्यास. गावचा पोलीस अंमलदार नुसत्या डोळ्यांवरून गुन्हेगार ओळखण्याची प्रौढी मिरवितो आणि दुबळ्यांना बडवून कबुलीजबाब घेतो. राजधानीहून आलेला दुसरा अंमलदार कागदपत्रांखेरीज कशावरही विश्वास ठेवीत नाही. परंतु अखेरीस अमेरिकेहून आलेला तपासणीचा कागद संशयिताविरुद्ध निर्णायक ठरत नाही, तेव्हा भर पावसात त्याच्यावर पिस्तूल रोखतो तो हा दुसराच!

आणि आम्ही? सांगावयास संकोच वाटतो. पण त्या क्षणी ‘झाड गोळी’ असेच आमच्या मनात आले. पुरावा नाही, हे आम्हासही दिसत होते. दोन तास जो ध्यास आम्ही दुरून पाहिला, तो नकळत आमचाच होऊन बसला होता. हिंसेचे हे चित्रण आम्हास खरे वाटते ते याचसाठी. जीत प्रेक्षकाला स्वतःचा हात दिसत नाही, ती हिंसा केवळ करमणूक होय.

पुढे वास्तवाने या कथेस जोड दिली. २०१९ मध्ये खरा खुनी उमगला. तो १९९४ सालच्या निराळ्याच खुनाबद्दल जन्मठेप भोगीत होता. आणि त्या हत्यांपैकी एकीसाठी सुमारे २० वर्षे तुरुंगात काढलेल्या मनुष्यास २०२० च्या डिसेंबरात न्यायालयाने निर्दोष ठरविले. त्याचाही कबुलीजबाब बळजबरीने घेतलेला होता.

चित्रपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी कारागृहावरून जाताना भेटीसाठी ताटकळलेली माणसे दिसली. एका म्हातारीच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिचे आत कोण होते, आणि तो अपराधी की निरपराध, हे आम्हास ठाऊक नाही. एरवी आम्ही ते तिच्या तोंडाकडे पाहूनच ठरविले असते. त्या दिवशी मात्र आम्ही मान खाली घातली.