पूल, व्हॉल्वो आणि दोन वायरी

सोमवारी गाडी भंगारात जाणार होती, म्हणून रविवारी शेवटची चक्कर!

स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये माझे घरमालक म्हणजे पंचाहत्तरीचे आजोबा. इथे झाडून सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण माझी जीभ पुण्याची. मला ते अजून जमलेलं नाही. आजोबांकडे 1990 सालची व्हॉल्वो 240 आहे, ऑटोमॅटिक. हे मॉडेल 1974 ते 1993 चाललं, त्यातल्या कितीतरी गाड्या इथल्याच टोर्सलांडाच्या कारखान्यातल्या. आपल्याकडे जशी अ‍ॅम्बॅसॅडर, तशी इथे ही चौकोनी वीट.

गेले काही महिने ती चढावर रडायची. एका गॅरेजने सांगितलं, ‘गिअरबॉक्स गेला.’ दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. आजोबा काही बोलले नाहीत. घरी आले आणि त्यांनी भंगारवाल्याला फोन केला.

तर रविवारी आम्ही निघालो शर्न बेटावर. ई-6 हायवेने उत्तरेला, स्टेनुंगसुंडला डावीकडे वळायचं आणि मग एकामागून एक पूल. शेवटचा शर्नचा पूल आपल्या सी-लिंकसारखा, केबलवर तोललेला. आधी इथे कमानीचा पूल होता. जानेवारी 1980 मध्ये रात्री धुक्यात एक जहाज त्यावर आदळलं, पूल कोसळला, आणि अंधारात पुढे येत राहिलेल्या गाड्यांतली आठ माणसं गेली. 1981 मध्ये नवा पूल झाला. मधला गाळा 366 मीटरचा, आणि खांब थेट जमिनीवर, म्हणजे पुन्हा कुठलं जहाज धडकायला नको.

त्याच पुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. आजोबांनी पेडल पार खाली दाबलं तरी ती वरच्याच गिअरमध्ये कण्हत राहिली. मागे हा लांबलचक ट्रक! कसेबसे पलीकडे पोचलो आणि पहिल्या मोकळ्या जागेत थांबलो.

आता थोडी टेक्निकल गंमत. ऑटोमॅटिक गाडीत पेडल पूर्ण दाबलं की गिअरबॉक्सने आपणहून खालचा गिअर घ्यायचा. याला म्हणतात किकडाउन. हल्ली हे काम कॉम्प्युटर करतो. या गाडीत ते एक वायर करते. पेडलपासून इंजिनपर्यंत एक वायर, ती अ‍ॅक्सिलरेटरची. तिथल्या चकतीपासून गिअरबॉक्सपर्यंत दुसरी, ती किकडाउनची. दुसरी सैल पडली तर गिअरबॉक्सला कळतच नाही की तुम्ही पेडल किती दाबलंय. तो घाईने वरचा गिअर घेतो, खालचा घेत नाही. शिवाय आतलं तेलाचं प्रेशर कमी पडतं, क्लचप्लेट घसरतात. तशीच चालवत राहिलात तर त्या जळतात, आणि मग गिअरबॉक्स खरोखरच जातो.

मला आठवली बाबांची स्कूटर. डिकीत कायम एक जादा वायर, आणि त्यांचं ठरलेलं वाक्य : ‘आधी वायर बघ, मग इंजिनला हात लाव.’

इंजिन चालू ठेवून आधी तेलाची पट्टी पाहिली. तेल लाल, जळका वास नाही. म्हणजे आशा होती! मग इंजिन बंद. आजोबांना म्हटलं, ‘पायाखालचं मॅट काढा आणि पेडल पूर्ण दाबा.’ हे पायानेच करायचं. बॉनेटखाली हाताने चकती फिरवली तर पहिल्या वायरीची परीक्षाच होत नाही. चकती शेवटच्या टोकापर्यंत गेली. पहिली वायर पास.

दुसरीवर धातूचा एक छोटा मणी असतो. पाय उचललेला असताना तो आवरणाला जेमतेम टेकायला हवा, फट फार तर एक मिलिमीटर. पेडल पूर्ण दाबलं की तो साधारण 50 मिलिमीटर बाहेर यायला हवा. आजोबांच्या चित्रकलेच्या पिशवीतून फूटपट्टी काढली. मोजलं, तर जेमतेम 38! वायर लोंबत होती. ती धरून ठेवणारा नट कधीतरी सैल होऊन सरकलेला.

डिकीतला पाना काढला, दोन नट फिरवले, पुन्हा मोजलं. 51. नट घट्ट केले. वीस मिनिटं लागली असतील, खर्च शून्य.

मग आम्ही शेरहाम्नला न जाता आधी उलटे फिरलो. पूल ओलांडला, वळलो आणि पुन्हा त्याच चढावर आलो. आजोबांनी पेडल दाबलं, गाडीने ‘घुर्रर्र’ करून खालचा गिअर घेतला आणि अशी काही पळाली की मी सीटला चिकटलो. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. फक्त पूल संपल्यावर कानापर्यंत हसले.

शेरहाम्नला पाण्याकाठी वॉटरकलर म्युझियम आहे, 2000 सालचं. तुम्ही गेलात तर नक्की बघा. गोथेनबर्गहून तासाभराची ड्राइव्ह, बसही जाते. आम्ही मात्र चित्रं नंतर पाहिली. आधी कॉफी आणि दालचिनीचे बन घेतले. इथल्या भाषेत ‘फिका’.

कॉफी संपण्याआधीच आजोबांनी फोन काढला आणि भंगारवाल्याला मेसेज टाकला : उद्या येऊ नका.