मधली फट

राउटरमधला मार्ग बदलताना जुना आधी काढायचा की नवा आधी घालायचा? हा प्रश्न कधीच सुटला, असं धंद्यातले लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की जिंतूरकडची लिंक बसते आणि गावं दुसऱ्या टॉवरवरून न्यावी लागतात. जुना मार्ग काढून नवा घातला की मध्ये फट पडते. मिलिसेकंदाचीही नसेल, पण नेमका तेव्हाच कुणी कॉल लावला तर त्याचं पॅकेट डीफॉल्ट मार्गाने निघतं, एसनॅटने त्याचा पत्ता बदलतो आणि कॉनट्रॅक या जोडण्यांच्या नोंदवहीत चुकीची नोंद बसते. मार्ग जाग्यावर आला तरी यूडीपी वाहतंय तोवर ती नोंद मरत नाही. पूर्णा जंक्शनला सांधा बदलताना गाडी अडवून धरता येते. इथे गाड्या थांबतच नाहीत.

नवा आधी घालावा, तर आयपीव्ही-६ मध्ये लिनक्सच्या ३.८ कर्नलपासून, म्हणजे २०१३ पासून, एकाच मेट्रिकचे दोन गेटवे मल्टिपाथमध्ये जुळू शकतात आणि काही वाहतूक जुन्याच वाटेने जात राहते. रिप्लेस ही आज्ञा वापरावी, तर २०१५ च्या दुरुस्तीआधीचा कर्नल मल्टिपाथमधला पहिलाच भाग बदलायचा. बाकीच्यांची साखळी बिघडायची, आणि पुढे त्यातला एखादा काढताना कर्नल गोल गोल फिरत बसायचा.

म्हणून मी दोन मेट्रिक आलटूनपालटून वापरतो. काढताना मेट्रिक सांगायचंच. नाहीतर आयपीव्ही-४ मध्ये लहान मेट्रिकचा मार्ग जातो, मग तो नवा का असेना. तळाशी मोठ्या मेट्रिकचा ब्लॅकहोल. फट पडलीच तर पॅकेट तिथेच संपतं, नोंद बसत नाही.

काही जण अशा वेळी राउटरच रीस्टार्ट करतात. ग्राहकाला दोन मिनिटं थांबवणं हे काम नव्हे.

माझ्याकडे शिकणारा गंगाखेडचा मुलगा परवा म्हणाला, “सर, नव्या कर्नलवर रिप्लेस एकच ओळ आहे की.” त्याची ओळ चालवून मी टीसीपीडम्प लावून बसलो. एखादं तरी पॅकेट गळावं, असं मनापासून वाटत होतं. दोन मेट्रिकची ती स्क्रिप्ट माझ्या हातची, तिचा मला फार अभिमान आहे. एकही गळलं नाही.

नव्या राउटरांवर त्याची ओळ घातली. ३.१० वाले डबे टॉवरवर आहेत तोवर तिथे माझी स्क्रिप्ट राहील. ब्लॅकहोल मात्र दोन्हीकडे ठेवला. इंटरफेसच खाली गेला तर त्यावरचे मार्ग कर्नल आपणच काढून टाकतो, कुणाच्या रिप्लेसची वाट पाहत नाही.