न्यू ट्रायरचें हायस्कूल

शिकागो शहरांतून उत्तरेकडे जावयास निघालें म्हणजे उजव्या हातास मिशिगन सरोवर सारखें सोबतीस असतें. त्यास सरोवर म्हणावयाचें तें केवळ भूगोलाच्या पुस्तकांत तसें लिहिलें आहे म्हणून. एरव्हीं पैलतीर दृष्टीस पडत नाहीं, किनाऱ्यावर लाटा फुटतात, आणि पाणी मात्र गोडें. ह्या किनाऱ्यानें इव्हॅन्स्टन, विल्मेट, केनिलवर्थ, विनेटका, ग्लेन्को अशीं गांवें एकामागून एक लागतात. विल्मेट येथें बहाई पंथाचें नऊ बाजूंचें शुभ्र मंदिर आहे. तें १९५३ सालीं सर्वांस खुलें झालें. त्याचा घुमट झाडींतून वर डोकावतांना पाहून नव्या पाहुण्याचीं पावलें आपोआप तिकडे वळतात.

गेल्या शरदृतूंत आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाकडे ह्याच विल्मेट गांवीं दोन महिने राहण्याचा योग आला. पुतण्यानें शिकागोचीं गगनचुंबी मंदिरें दाखविण्याचा बेत केला होता, व त्यांतील दोनचार आम्हीं पाहिलींही. परंतु ज्याचें अवघें आयुष्य फळा, खडू आणि शब्दरूपावली ह्यांत गेलें, त्याचें मन शाळेकडेच ओढ घेणार. पुतण्याची कन्या त्या भागांतील सार्वजनिक हायस्कुलांत दहावीच्या वर्गांत शिकते. तेव्हां ‘तुझी शाळा आम्हांस दाखीव’ असें आम्हीं तिला दुसऱ्याच दिवशीं सांगितलें.

शाळेचें नांव न्यू ट्रायर टाउनशिप हायस्कूल. जर्मनींतील ट्रायर ह्या प्राचीन नगराच्या आसमंतांतून कांहीं कुटुंबें एकोणिसाव्या शतकांत येथें येऊन वसलीं. त्यांनीं मायभूमीची आठवण म्हणून ह्या तालुकावजा विभागास ‘नवें ट्रायर’ असें नांव दिलें, आणि तेंच पुढें शाळेस मिळालें. १९०१ सालीं शाळा सुरू झाली. मुख्य इमारत विनेटका गांवांत, शिकागोपासून सुमारें १६ मैलांवर. आगगाडीनें गेल्यास ‘इंडियन हिल’ नांवाच्या चिमुकल्या स्टेशनावर उतरून थोडें चालावें लागतें. स्टेशनाचें नांव वाचून आम्हांस क्षणभर अभिमान वाटला. परंतु हे ‘इंडियन’ म्हणजे त्या भूमीचे मूळचे रहिवासी, आपण नव्हे, असें नातीनें हंसत हंसत समजाविलें. नववीच्या मुलांचें विद्यामंदिर २००१ सालापासून शेजारच्या नॉर्थफील्ड गांवीं निराळें आहे. दहावी ते बारावीचीं मुलें विनेटकास जातात. एकंदर विद्यार्थी चार हजारांच्या आंतबाहेर. एवढा हा व्याप पाहून आमच्यासारख्या खेड्यांतील मास्तराची छाती दडपून जावी ह्यांत नवल नाहीं.

तिकडील शाळांचे दरवाजे दिवसां बंद असतात, व परक्या माणसास ओळख पटविल्यावांचून आंत सोडीत नाहींत. आम्हांस हें प्रथम चमत्कारिक वाटलें. पुढें कळलें कीं, १९८८ च्या मे महिन्यांत ह्याच विनेटका गांवांतील एका प्राथमिक शाळेंत एका भ्रमिष्ट स्त्रीनें शिरून गोळ्या झाडल्या व एका बालकाचा प्राण घेतला. त्यानंतर त्या देशांत इतरत्र जें घडत आलें तें वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. आपल्याकडे शाळेच्या फाटकाशीं चिंचा-बोरें विकणारी म्हातारी बसलेली असते, तिची त्या वेळीं आम्हांस फार आठवण झाली.

आमचा शाळेंत प्रवेश झाला तो एका सायंकाळीं, मुलांच्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाच्या निमित्तानें. नात त्यांत व्हायोलिन वाजविते. व्हायोलिन, चेलो, बासऱ्या, तुताऱ्या अशीं नाना वाद्यें हातीं घेतलेलीं ती पंधरासोळा वर्षांचीं मुलें एका काठीच्या इशाऱ्यावर अशीं कांहीं चाललीं कीं, त्या संगीतांतलें आम्हांस फारसें कळत नसतांही त्यांची शिस्त पाहून आम्ही थक्क झालों. आणि संगीत हा तेथें फावल्या वेळचा छंद नव्हे. गणित-इतिहासाप्रमाणें वेळापत्रकांत त्याचा तास असतो.

वाद्यवृंदाशिवाय नाटकें आहेत, वादविवाद आहे, मुलांनीं चालविलेलें वर्तमानपत्र आहे. इतकेंच नव्हे, तर शाळेचें स्वतःचें नभोवाणी केंद्रही आहे. ८८.१ ह्या आंकड्यावर तें ऐकूं येतें. निवेदक विद्यार्थी, यंत्रें संभाळणारेही विद्यार्थी. निरनिराळीं मंडळें शंभरावर आहेत. कोणीं लहान मुलांस शिकवावें, कोणीं गरजूंसाठीं अन्नधान्य गोळा करावें, कोणीं यंत्रमानव जुळवावा. शिवाय एकच विषय निरनिराळ्या पातळ्यांवर शिकवितात, म्हणजे ज्याची जेवढी झेंप तेवढी त्यास वाट मोकळी. ही सोय चांगली खरी. परंतु कोण कोणत्या पातळीवर आहे ह्याची टोंचणी मुलांच्या मनास लागून राहते, असें नातीच्या बोलण्यावरून आम्हांस दिसून आलें.

ह्या सर्व थाटांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र अगदीं साधी आहे. तिला तेथें सल्लागार-पद्धति म्हणतात, व ती १९२८ सालापासून चालत आली आहे. रोज सकाळीं वीसपंचवीस मिनिटें सुमारें पंचवीस मुलांचा एक गट एका शिक्षकाभोंवतीं जमतो. पूर्वापार मुलांचे गट निराळे व मुलींचे निराळे. तेथें पाठ नाहीं, परीक्षा नाहीं. कोण आजारी आहे, कोण उदास दिसतो, कोणाचें कोणत्या विषयांत अडतें, पुढच्या वर्षीं कोणते विषय घ्यावेत, ह्याची विचारपूस त्या शिक्षकानें करावयाची. विनेटकाच्या इमारतींत गेल्यावर जो सल्लागार मिळतो तोच सामान्यतः शाळा सुटेपर्यंत राहतो. चार हजारांच्या त्या समुद्रांत कोणतेंही मूल बेवारस राहूं नये, त्याचें नांव, त्याचें घर, त्याचा स्वभाव ओळखणारें एक तरी वडील माणूस असावें, एवढाच ह्यांतला हेतु. आमची नात स्वभावानें भिडस्त. नववीच्या आरंभीं मधल्या सुटींत ती एकटी बसे. तें तिच्या सल्लागार बाईंच्या नजरेस आलें, व त्यांनींच तिला वाद्यवृंदाकडे वळविलें, असें सूनबाईंनीं आम्हांस सांगितलें. आपल्या गुरुकुलांतही गुरु शिष्यास केवळ मंत्र शिकवीत नसे, तो शिष्यास ओळखीत असे. ती ओळख ह्या परदेशांतील हायस्कुलांत इतक्या वर्षांनीं सांपडल्याचें आम्हांस मोठें समाधान वाटलें.

आतां ह्या शाळेचा खर्च कोण करतो, हें पाहिलें पाहिजे. फी जवळजवळ नाहीं, कारण शाळा सार्वजनिक आहे. परंतु तिचें बहुतेक सर्व उत्पन्न त्या हद्दींतील घरांवर व जमिनींवर बसविलेल्या करांतून येतें. कारभार पाहणारें सात जणांचें मंडळ लोकच निवडून देतात, व त्या सात जणांस वेतन नसतें. मोठें कर्ज काढावयाचें झाल्यास लोकांचीं मतें घ्यावीं लागतात. २०१० सालीं इमारतीच्या नूतनीकरणासाठीं १७ कोटि ४० लक्ष डॉलरांचा प्रस्ताव आला, तो लोकांनीं फेटाळला. २०१४ सालीं ८ कोटि ९० लक्षांचा आटोपशीर प्रस्ताव आला, तो मान्य झाला, आणि २०१७ सालीं नवी बाजू उभी राहिली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मिळून आपल्या शाळेसाठीं आपल्यावरच कर लादून घ्यावा, ही गोष्ट खचित स्पृहणीय आहे.

परंतु देहलीवर ठेवलेला दिवा आंतबाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो, तसा हा कर नाहीं. तो आंतच उजेड पाडतो. जेथें घरें महाग तेथें कर भरपूर, जेथें कर भरपूर तेथें शाळा उत्तम, आणि जेथें शाळा उत्तम तेथें घरें आणखी महाग. ह्या चक्रांत ज्यास घर घेतां येत नाहीं, त्यास ती मोफत शाळा कशी मिळावी? आणि एके काळीं तर पैसा असूनही कित्येकांस ह्या किनाऱ्यावर घर मिळत नसे, कारण त्यांचा वर्ण आड येई. १९६५ सालच्या जुलै महिन्याच्या २५ तारखेस डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनीं विनेटकाच्या गांवमैदानावर हजारों लोकांपुढें ह्याच अन्यायाविरुद्ध भाषण केलें. तेथें त्याचें स्मारक आहे. आम्ही तें पाहावयास मुद्दाम गेलों होतों. भोंवतीं मेपलचीं पानें लाल झालीं होतीं व लहान मुलें चेंडू खेळत होतीं.

त्यानंतर तीन वर्षांनीं घरांच्या बाबतींत भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा झाला. पण पैशाची भिंत उभीच राहिली. २००८ सालच्या सप्टेंबरच्या २ तारखेस, शाळा उघडण्याच्या पहिल्याच दिवशीं, शिकागोंतील हजारावर मुलें बसगाड्यांतून नॉर्थफील्डच्या इमारतीपाशीं आलीं. धर्मोपदेशक व राज्याच्या विधिमंडळाचे सभासद जेम्स मीक्स हे त्यांचे पुढारी होते. त्या मुलांनीं प्रवेशाचे अर्ज भरले. न्यू ट्रायरमध्यें दर विद्यार्थ्यामागें होणारा खर्च त्या वेळीं शिकागोच्या सुमारें दीडपट होता. आपण हद्दीबाहेरचीं, आपणांस प्रवेश मिळणार नाहीं, हें त्या मुलांस ठाऊकच होतें; हा भेद जगाच्या नजरेस आणावयाचा, एवढाच त्यांचा उद्देश. पुढें २०१७ सालीं इलिनॉय राज्यानें सरकारी मदतीच्या वांटणीचा नवा कायदा केला. त्या कायद्यानें मदतींतील नवी भर प्रथम अधिक गरजू शाळांकडे जाते. अंतर कांहींसें कमी होण्याची वाट त्यानें मोकळी झाली. घरांवरच्या करांचें मूळ मात्र जागच्या जागीं आहे.

हें सर्व आम्ही नातीबरोबर बोलत होतों, तेव्हां ती म्हणाली, “आजोबा, मग आम्ही तरी ह्या शाळेचीं खरीं कुठे? बाबा भाडं भरतात म्हणून मी आंत.”

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पुतण्याचें बिऱ्हाड दोन खोल्यांचें. त्याच भाड्यांत दूरच्या पश्चिमेकडील उपनगरांत ऐसपैस घर मिळालें असतें, आणि घरमालकानें नुकतेंच भाडें वाढविल्याचें कळविलें होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्यानें विषय काढला. “काका, तुम्ही इतकीं वर्षं शाळेंत काढलींत. तुम्हीच सांगा, जूनमध्यें इथून हलावं कीं नाहीं?” सूनबाईंच्या मनांत जावयाचें होतें. काटकसर करून करून त्या थकल्या होत्या, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकत होतें असें आम्हांस वाटलें नाहीं. नात खालीं मान घालून व्हायोलिनच्या पेटीच्या बंदाशीं चाळा करीत होती.

आम्हीं विचार करून सांगितलें, “शाळेच्या नांवासाठीं रहात असाल तर उद्यांच सोडा. चांगले शिक्षक पश्चिमेकडेही असतील. पण मूल एकदां कोणाच्या ओळखीचें झालें म्हणजे त्यास मधूनच उपटूं नये. दोन वर्षें राहिलीं आहेत. तेवढीं निभत असतील तर निभवा. आणि सूनबाई, ह्या दोन वर्षांचा भार तुमच्या एकट्यांच्या शिरावर पडतां कामा नये, हेंही आत्तांच ठरवा.” त्या रात्रीं बराच वेळ हिशेब चालला. दुसरी मोटार विकावी, पुतण्यानें आगगाडीनें जावें, शनिवारचा स्वयंपाक त्यानें व मुलीनें करावा, असें ठरलें व बिऱ्हाड कायम राहिलें. पहिल्या शनिवारची आमटी अळणी झाली. ती सर्वांनीं निमूट जेविली.

आपल्याकडील माध्यमिक शाळांचा इतिहास निराळा. पुण्यांत १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें तें कांहीं तरुणांच्या स्वार्थत्यागावर. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली ती मुलांच्या श्रमांवर आणि गोरगरिबांच्या मदतीवर. घरपट्टींतून हायस्कूल चालविण्याची चाल आपल्याकडे रूढ झाली नाहीं. तिचे लाभ आपणांस मिळाले नाहींत, आणि तिचा दोषही त्या रूपानें आला नाहीं. परंतु चांगल्या शाळेजवळ जागा घेण्याची धडपड आतां आपल्याही शहरांत दिसूं लागली आहे. ती करणाऱ्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, कारण आमच्याच घरीं तेंच चाललें आहे. मात्र आपण ज्या दारानें आंत गेलों तें दुसऱ्यासाठीं किती उघडें आहे, एवढें पाहण्याची संवय घरांतील मुलांस लावणें आपल्या हातीं आहे. नातीनें तो प्रश्न आपण होऊन विचारला, ह्याचें श्रेय आम्ही तिच्या शाळेसही देतों.

न्यू ट्रायरचीं नाट्यगृहें व नभोवाणी आपल्या शाळांस परवडणार नाहींत. सल्लागार-पद्धतीस मात्र इमारत लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. पंचवीस मुलें, एक शिक्षक, रोजचीं वीस मिनिटें आणि तीनचार वर्षांची चिकाटी, एवढेंच भांडवल. आमच्या वाचकांपैकीं कित्येकजण शाळांच्या व्यवस्थापक-मंडळांत असतील, कित्येकांच्या घरांत शिक्षक असतील. त्यांनीं येत्या जूनपासून एका इयत्तेपुरता हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे. ज्या शिक्षकावर हें काम सोंपवाल त्याचे आठवड्याचे दोन तास मात्र आधीं कमी करा. नाहींतर चांगल्या योजनेचें ओझें नेहमींप्रमाणें गरीब मास्तराच्याच पाठीवर पडेल.